टोकियो-क्योतो झालं, आता पुढे कुठे? आधी रात्रीच्या जेवणाचं ठरवा

नाशिकच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. टोकियो, क्योतो, ओसाका काही वर्षांपूर्वी पाहून झालंय. आता नोव्हेंबरात १२ दिवस हाताशी आहेत. सोबत यजमान, नऊ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. गर्दी सोडून 'आतला जपान' बघायचाय, आणि यादीत कानाझावा, ताकायामा, हिरोशिमा, शिकोकू, होक्काइदो अशी नावं आहेत. १४ दिवसांचा जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा देशभर चालणारा पास, घ्यावा का, हेही विचारलंय.

ताई, मी ओकायामात राहते. दुभाषी म्हणून काम करते आणि भारतातून येणाऱ्या कुटुंबांच्या सहलीही आखून देते. त्या अनुभवावरून सांगते, तुमची खरी अडचण 'कुठे जायचं' ही नाही. गर्दीच्या शहरांबाहेर बघण्यासारखं इतकं आहे की ठिकाण सहसा चुकत नाही. चुकतं ते संध्याकाळी सहानंतरचं. टोकियोत रात्री साडेनऊलाही काहीतरी मिळतं. डोंगरातल्या गावात शेवटची बस पाच-साडेपाचला निघून जाते, पारंपरिक जपानी पाहुणघरातलं, म्हणजे र्‍योकानमधलं जेवण सहा-साडेसहाला वाढलं जातं आणि साडेसातनंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. त्यात नोव्हेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणून गावाकडची सहल मी नेहमी रात्रीकडून सुरू करते: आज कुठे झोपायचं, कोण काय जेवणार, आणि तिथे उजेडात पोचायचं तर सकाळी कुठून निघायचं. ठिकाणांची यादी त्यानंतर.

असा विचार केला की तुमची यादी आपोआप लहान होते. नोव्हेंबरच्या मध्याला होक्काइदोत पानगळ संपलेली असते आणि बर्फ अजून नीट बसलेला नसतो, तेव्हा ते या वेळी सोडा. कानाझावा आणि ताकायामा सुंदरच आहेत, पण तिथली गर्दी आता क्योतोच्या वाटेवर आहे. १२ दिवसांत पाच प्रदेश केले तर सासरे रोज बॅग भरतील आणि सासूबाई रोज नव्या स्वयंपाकघराला तेच समजावत बसतील. एकच प्रदेश घ्या. तुमच्यासाठी मी शिकोकू बेट निवडेन, सुरुवातीला कोयासान हे डोंगरावरचं मंदिरांचं गाव आणि शेवटी ओकायामा जोडून. दुसऱ्या कोणाला मी तोहोकू किंवा क्युशूही सुचवलं असतं. हे उत्तर तुमच्या माणसांसाठी आहे.

पासचं आधी उरकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांचा देशभराचा पास २९,६५० येनवरून ५०,००० वर गेला आणि १४ दिवसांचा ८०,००० झाला. रोज शेकडो किलोमीटर शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने धावायचं असेल तरच तो आता परवडतो. मी खाली सांगते त्या मार्गाची सुटी तिकिटं मोठ्या माणसाला ८०,००० च्या निम्म्यालाही पोचत नाहीत, आणि मुलीचं तिकीट अर्धं. शिवाय कोयासानची नानकाई रेल्वे खासगी आहे, तिथे जेआर पास चालतच नाही. परदेशी पाहुण्यांसाठी शिकोकूचा वेगळा पास मिळतो. त्यात खासगी गाड्या आणि ट्रामही येतात, पण दिवस सलग मोजले जातात आणि ओकायामाच्या बाजूला तो कोजिमा स्टेशनपर्यंतच चालतो, पुढचं तिकीट वेगळं. तुम्ही एका ठिकाणी तीन-चार रात्री राहणार असाल तर सलग दिवस वाया जातात. सुटी तिकिटं घ्या.

आता सासूबाईंचं जेवण. इथे मी थोडं लांबण लावणार आहे, कारण सगळी सहल यावर उभी आहे.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, पदार्थ शिजवण्याचं पाणी म्हणा. ते बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं, म्हणजे वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांचं असतं. मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सूप, शिजवलेली भाजी, सोबा शेवयांबरोबरची बुडवायची आमटी, कित्येकदा लोणच्याचं पाणीसुद्धा, सगळीकडे ते असतं. ताटात मासा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी आहे असं समजू नका. 'व्हेजिटेरियन' एवढंच सांगितलं तर समोरचा मनापासून मांस काढून टाकतो आणि दाशी तशीच राहते. त्यात त्याची लबाडी नसते, दाशी त्याच्या हिशेबात मासा नसतेच. म्हणून काय चालत नाही आणि काय चालतं, दोन्ही नाव घेऊन सांगायचं: 'निकु, साकाना, तामागो, कात्सुओ-दाशी वा ताबेरारेमासेन. कोंबु-दाशी नारा दाइजोबु देसु.' मांस, मासे, अंडं, बोनिटोची दाशी खाता येत नाही, कोंबु नावाच्या समुद्री वनस्पतीची दाशी चालेल. हे फोनवर जपानी लिपीत टंकून ठेवा आणि दाखवा. दुसरं वाक्य फार महत्त्वाचं, कारण त्याने आचाऱ्याला वाट मिळते. नुसती मनाई ऐकली की तो घाबरतो.

र्‍योकानला हे बुकिंग करतानाच लिहायचं, आणि आठवडाभर आधी पुन्हा आठवण करायची. आयत्या वेळी सांगून उपयोग नाही, तिथला माल दोन दिवस आधी आणून ठेवलेला असतो. काही जण सरळ 'जमणार नाही' म्हणून कळवतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. अर्धवट काहीतरी वाढण्यापेक्षा नाही म्हणणं त्यांना जास्त प्रामाणिक वाटतं, आणि तुमच्या दृष्टीनेही तेच बरं. मग 'सु-दोमारी', म्हणजे जेवणाशिवाय नुसता मुक्काम मिळतो का ते विचारा.

सासूबाई किती काटेकोर आहेत हे मात्र तुम्हालाच माहीत. दाशी चालत असेल तर निम्मं काम सोपं झालं. मासे तळलेल्या तेलात तळलेलं चालत नसेल तर बाजारातलं तेम्पुरा विसरा. हा निर्णय विमानात बसायच्या आधी घरी बसून करा. भुकेल्या पोटी दुकानाच्या दारात उभं राहून तो होत नाही.

आता मार्ग. पहिली रात्र ओसाकात, नुसती झोप. मोठ्या बॅगा तिथल्या हॉटेलातूनच ताक्क्युबिन या सामान पोचवणाऱ्या सेवेने शिकोकूतल्या ताकामात्सूच्या हॉटेलवर पाठवून द्या आणि एका रात्रीचे कपडे घेऊन कोयासानला निघा. ओसाकातल्या नाम्बा स्टेशनहून नानकाईची गाडी गोकुराकुबाशीपर्यंत, तिथून केबल कार, मग बस. ८०० मीटर उंचीवरचं हे गाव ८१६ मध्ये कूकाई या बौद्ध भिक्षूंनी वसवायला घेतलं. जपानी माणूस त्यांना प्रेमाने कोबो दाइशी म्हणतो. आजही तिथे शंभरावर मंदिरं आहेत आणि त्यांतली पन्नासेक मुक्कामाला पाहुणे घेतात.

मी शाकाहारी कुटुंबांना पहिला मुक्काम मुद्दाम इथे लावते. रात्री साडेपाच-सहाला लाल लाखेच्या बुटक्या चौरंगावर बौद्ध मठातलं शाकाहारी जेवण, म्हणजे शोजिन र्‍योरी येतं. गोमा-दोफू असतं. ते सोयाबीनचं नव्हे, तिळाचं दूध कुझू नावाच्या मुळाच्या सत्त्वात शिजवून थिजवलेलं. चमचा लावला की थरथरतं, पण तुटायच्या आधी जरा ताणलं जातं. वर इवलासा वासाबी. शेजारी कोया-दोफू, गोठवून वाळवलेलं टोफू कोंबु आणि शिताके मश्रूमच्या पाण्यात शिजवलेलं. दाबलं की स्पंजासारखा रस सोडतं. परंपरेने यात कांदा-लसूणही नसतो, म्हणून कांदा-लसूण न खाणारी मंडळीही इथे जेवतात. पहिल्याच रात्री सासूबाईंचं पोट आणि मन भरलं की पुढचे दहा दिवस त्या धीराने घेतात. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तरी बुकिंगमध्ये वरची दोन वाक्यं लिहायचीच.

दुसऱ्या दिवशी पहाटेची पूजा चुकवू नका. मग ओकुनोइन, इथली जुनी स्मशानभूमी. उंच देवदारांमधून दोनेक किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त समाध्या, बऱ्याच दगडांवर संस्कृत लिहायच्या सिद्धम् लिपीतली अक्षरं कोरलेली. कूकाई तिथे अजून ध्यानस्थ आहेत अशी श्रद्धा आहे आणि त्यांना रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला जेवण नेलं जातं. साडेदहाचं सहज बघता येतं. शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढायचे नाहीत. सासऱ्यांना पूर्ण वाट चालवत नसेल तर बस मधल्या थांब्यापर्यंत नेते, तिथून अंतर निम्म्याने कमी होतं. आणि कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये तिथे बसवलेला. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने तिथे थांबून जावं असं मला वाटतं. नोव्हेंबरात रात्री पारा पाच अंशांच्याही खाली येतो, मंदिरांचे व्हरांडे गार असतात. लोकरीचे पायमोजे हाताशी ठेवा.

तिथून ओसाकामार्गे ओकायामा, आणि ओकायामाहून 'मरीन लायनर' गाडीने १९८८ च्या सेतो पुलावरून पाऊण-एक तासात ताकामात्सू. इथे चार रात्री. हो, चार. एकच हॉटेल, बॅगा एकदाच उघडायच्या, आणि शहर इतकं सपाट आणि आटोपशीर की सासरे दुपारी एकटे परत येऊन पडू शकतात. इथे हॉटेल जेवणाशिवाय घ्या. सुपरमार्केटमध्ये टोफू, फळं, दही, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत होणारा पाकिटातला भात मिळतो. भातावर घरून आणलेलं मेतकूट आणि तूप घातलं की एक वेळ निभावते. नेपाळी मंडळी चालवतात ती नान-करीची दुकानंही जपानच्या बऱ्याच मध्यम शहरांत आहेत. चवीबद्दल फार अपेक्षा नको, पण डाळ मिळते.

आणि उदोन. कागावा जिल्ह्यात लोक सकाळी कामावर जाण्याआधी उभ्या-उभ्या उदोन खातात. दुकानात ट्रे उचलायचा, लहान-मध्यम-मोठा एवढंच सांगायचं, हातात उकडलेल्या शेवयांचा वाडगा येतो. काही दुकानांत जाळीच्या झाऱ्यात घालून त्या स्वतःच गरम पाण्यात बुचकळायच्या, नळ सोडून रस्सा घ्यायचा, वर आलं, पातीचा कांदा, तीळ. लहान वाडगा तीनशे-चारशे येनच्या आसपास. मुलीला हे प्रचंड आवडेल. रस्सा इरिकोचा असतो, म्हणजे वाळवलेल्या बारीक माशांचा, तो सासूबाईंना चालणार नाही. पण शेवया फक्त गव्हाचं पीठ, मीठ आणि पाणी यांच्या असतात. त्यांच्यासाठी 'कि-जोयु उदोन' मागा, नुसत्या सोया सॉसचं. बाटलीत दाशी मिसळलेला सॉस आहे का, एवढं विचारायचं. बऱ्याच दुकानांत असतो. दुकानं माल संपला की बंद होतात, दुपारी दोनला पोचून उपयोग नाही. सुटे पैसे ठेवा.

ताकामात्सूतले तीन मोकळे दिवस कसे वापराल ते तुमच्यावर. रित्सुरिन बाग सूर्योदयाला उघडते, तेव्हाच जा. नाओशिमा बेट फेरीने ५० मिनिटांवर. तिथलं वास्तुरचनाकार तादाओ आंदोंनी जमिनीत उतरवलेलं चिचू संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं. धक्क्यावरचा, शिल्पकार यायोई कुसामांनी केलेला पिवळा भोपळा २०२१ च्या वादळात समुद्रात गेला होता, २०२२ मध्ये नवा बसवला. मुलगी तिथून हलायची नाही. तिसरा दिवस कोतोहिराचा. कोंपिरा-सानच्या मुख्य देवळापर्यंत ७८५ पायऱ्या आहेत आणि सासऱ्यांना त्या चढायला लावू नका. तुम्ही तिघं वर जा. त्यांना खाली कानामारूझा दाखवा, १८३५ चं, जपानमधलं उभं असलेलं सर्वांत जुनं काबुकी नाट्यगृह. रंगमंचाखालची, माणसांनी हाताने फिरवायची यंत्रणा आत जाऊन बघता येते. नाटकवेड्या मराठी माणसाला देवळापेक्षा तेच लक्षात राहील.

कोतोहिराच्या एक स्टेशन अलीकडे झेंत्सूजी आहे, कूकाईंचं जन्मस्थान आणि शिकोकूच्या ८८ मंदिरांच्या यात्रेतलं ७५ वं. सुमारे १,२०० किलोमीटरची ही परिक्रमा. पांढरा अंगरखा, गवती टोपी, हातात काठी असे यात्रेकरू तुम्हाला गाडीतही भेटतील. वाटेवरचे लोक त्यांना संत्री, चहा, कधी सुटे पैसे देतात आणि मोबदला घेत नाहीत. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याला जसं गाव जेवू घालतं, तसंच हे. यात्रा संपली की पुष्कळ जण कोयासानला जाऊन दर्शन घेतात. तुम्ही तीच वाट उलटी आलेल्या असाल.

मग दोन रात्री इया खोरं. कोचीकडे जाणाऱ्या गाडीने ओबोके स्टेशनला उतरायचं, ताकामात्सूहून थेट किंवा एकदा गाडी बदलून. इथे बसेस दिवसातून मोजक्या. दोन पर्याय आहेत. स्टेशनवर घ्यायला येणारं हॉटेल शोधा, बरीच हॉटेलं येतात. नाहीतर गाडी भाड्याने घ्या. जपानमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, आणि आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराचा असला की चालतो. पण इयातले रस्ते काही ठिकाणी जेमतेम एका गाडीचे, समोरून ट्रक आला की मागे घ्यावं लागतं. यजमानांना वरंधा घाटाची सवय असेल तर ठीक, नसेल तर हॉटेलची गाडी बरी. ४५ मीटर लांबीचा वेलींचा पूल दर तीन वर्षांनी नव्याने विणतात. फळ्यांमधून खालची नदी दिसते. सासऱ्यांनी तो काठावरून बघावा.

इयात सासूबाईंसाठी देकोमावाशी आहे: लहान बटाटा, घट्ट टोफू आणि कोन्याकू, म्हणजे कंदाच्या पिठाची जेलीसारखी वडी, एका काडीला टोचून, मिसो फासून चुलीभोवती उभं करतात आणि काडी फिरवत भाजतात. टोफू इतकं घट्ट की दोरीने बांधून नेता येईल असं म्हणतात. मिसोत दाशी नाही ना, एवढं विचारा. बाकीच्यांनी शेजारी भाजला जाणारा आमेगो मासा घ्यावा. मुक्काम दोन वेळच्या जेवणासह घ्या, कारण बाहेर दुसरं काही नाही. आणि सामाईक स्नानगृहाचा संकोच वाटत असेल तर 'काशिकिरी', म्हणजे तासाभरासाठी कुटुंबापुरतं मिळणारं कुंड आधी मागून घ्या. संकोच बऱ्याच जणांना वाटतो. त्यापायी गरम पाण्याचं सुख सोडून देणं सासऱ्यांच्या गुडघ्यांवर अन्याय होईल.

त्यानंतर कोची, दोन रात्री, आणि त्यात शनिवारची रात्र आलीच पाहिजे. सगळ्या तारखा मी या एका गोष्टीवरून मागे मोजेन. रविवारचा बाजार १६९० पासून भरतो, किल्ल्यासमोरच्या रस्त्यावर किलोमीटरभर. माल विकणाऱ्या बहुतेक आज्या स्वतःच्या वाफ्यातलं घेऊन बसतात: आलं, युझू नावाचं जपानी लिंबू, रताळी, वांगी. आल्याच्या उत्पादनात कोची जपानमध्ये पहिला. इथली इनाकाझुशी बघा. माशाऐवजी बांबूचा कोंब, शिताके, म्योगा या आल्याच्या जातीची गुलाबी कळी, कोन्याकूच्या पिशवीत भरलेला भात, आणि भाताला युझूचा आंबटपणा. शिताके कित्येकदा दाशीत शिजवलेली असते, म्योगा आणि बांबूचं विचारून घ्या. मासे खाणाऱ्यांनी कात्सुओचा ताताकी चुकवायचा नाही. पेंढ्याच्या जाळावर बाहेरून करपवतात, आत कच्चा, वर जाडं मीठ आणि कच्च्या लसणाच्या चकत्या. हिरोमे बाजारात अनोळखी लोकांबरोबर एकाच टेबलावर बसून खायचं. तिथे भाषा येत नाही म्हणून कोणाचं अडत नाही.

मात्सुयामा आणि दोगोचं गरम पाण्याचं स्नानगृह या बेतात सुटतं. १८९४ ची ती इमारत दुरुस्तीनंतर जुलै २०२४ मध्ये पूर्ण उघडली आणि मला फार आवडते, पण तुमच्या माणसांना आणखी एक हॉटेल बदलायला लावण्याइतकी नाही.

शेवटची रात्र ओकायामा. कोचीहून 'नानपू' गाडी अडीच-पावणेतीन तासांत थेट येते, आणि ओकायामाहून शिन-ओसाका शिंकान्सेनने पाऊण तासावर, त्यामुळे विमान गाठायची घाई नाही. सकाळी कोराकुएन बागेत जा. १७०० मध्ये पूर्ण झालेली ही बाग बघून पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाची आठवण होईल, कारण ते हिच्याच धर्तीवर केलंय.

एका नजरेत: ओसाका १, कोयासान १, ताकामात्सू ४, इया २, कोची २, ओकायामा १. अकरा रात्री. डोंगरातली पानं पाहायची तर पहिल्या आठवड्यात निघा. कोयासानचे रंग लवकर उतरतात, इयाचे त्यानंतर. ३ नोव्हेंबरच्या सुट्टीच्या आसपास कोयासान भरलेलं असतं, ती रात्र टाळा.

बुकिंगचा क्रम असा: आधी कोचीची शनिवारची रात्र, मग इया, मग कोयासान, त्यानंतर विमान, आणि शहरांतली हॉटेलं सगळ्यांत शेवटी. मंदिरातल्या मुक्कामाला दोन जेवणांसह माणशी १५,००० येनच्या आसपासपासून पुढे धरा. तिथे बहुतेक ठिकाणी गादी जमिनीवरच असते, खाट असलेल्या खोल्या थोड्या आणि त्या आधी जातात. म्हणून सासऱ्यांना जमिनीवरून उठता-बसता येतं का, आणि सासूबाईंना दाशी अजिबात चालत नाही की थोडीफार चालते, एवढं दोन ओळींत कळवा. त्यावर कोणत्या प्रकारचं मंदिर आणि इयातलं कोणतं गाव बघायचं ते नेमकं सांगते, आणि र्‍योकानला पाठवायचा मजकूर जपानीत लिहून देते.